ब्लूटूथ, ऑक्स की यूएसबी: गाडीतल्या स्टिरिओला फोन कसा जोडावा

प्रश्न चिपळूणहून आला आहे. गाडीत अँड्रॉइड ऑटोचा, म्हणजे फोनचा नकाशा आणि गाणी आपल्या स्क्रीनवर चालवणारा स्टिरिओ नुकताच बसवला. ब्लूटूथवर डबलबारीतल्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनसामन्यातल्या झांजा खरखरीत लागतात. ऑक्सची, म्हणजे फोनच्या हेडफोनच्या भोकातून येणारी वायर लावली की इंजिनाबरोबर चढत जाणारी कुंईं ऐकू येते. पेनड्राइव्हवर मात्र तीच भजनं स्वच्छ वाजतात. मग वायरलेस सोडून वायरवर जावं, की स्टिरिओच बदलावा?

स्टिरिओ बदलू नका. पेनड्राइव्हवर आवाज स्वच्छ आहे, म्हणजे स्टिरिओचा डिकोडर (फाइल उलगडणारा भाग), आतला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर तिन्ही ठीक आहेत. दोष त्यांच्या अलीकडे, फोनपासून स्टिरिओपर्यंतच्या वाटेत आहे. लांबच्या प्रवासात फोन यूएसबी केबलने जोडून अँड्रॉइड ऑटोवर ऐका, गावातल्या गावात ब्लूटूथ चालेल, आणि ऑक्स वापरायचाच तर फोनचा चार्जर काढून वापरा. तुमच्यापुरतं उत्तर एवढंच. पण कारणं नीट कळली तर नको तिथे पैसे जाणार नाहीत, म्हणून पुढचं सविस्तर.

वायरवाले एका बाजूला आणि वायरलेस दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी केली की घोटाळा होतो. ऑक्स आणि यूएसबी दोन्ही वायरीच आहेत, पण त्यांतून जाणारी गोष्ट वेगळी. ब्लूटूथ आणि वायरलेस अँड्रॉइड ऑटो दोन्ही बिनवायरचे, पण तेही एक नव्हेत. बघायचं ते दोनच गोष्टींकडे: डिजिटल फाइलचा, म्हणजे आकड्यांचा, अॅनालॉग आवाज, म्हणजे स्पीकरला लागणारा विजेचा चढउतार, नेमका कुठे तयार होतो, आणि तिथवर पोचेपर्यंत त्यातलं किती काढून टाकलं जातं. ऑक्समध्ये हे रूपांतर फोनमध्ये होतं आणि वायरीतून नाजूक अॅनालॉग सिग्नल येतो, ज्यात गाडीतली कुठलीही विजेची खळबळ मिसळू शकते. यूएसबीत आकडेच येतात आणि रूपांतर स्टिरिओत होतं, त्यामुळे अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची कुंईं त्या केबलमधून संगीतात शिरत नाही. ब्लूटूथमध्येही रूपांतर स्टिरिओतच होतं, पण आकडे पाठवण्याआधी फोन ते पुन्हा दाबतो, म्हणजे काही भाग टाकून लहान करतो.

हे दाबणं किती, ते बघू. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनल. दर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट. ब्लूटूथवर संगीत पाठवताना प्रत्येक फोनला आणि प्रत्येक स्टिरिओला एसबीसी नावाचा कोडेक, म्हणजे आवाज दाबण्या-उलगडण्याची पद्धत, यावाच लागतो, आणि तो चांगल्या स्थितीत सुमारे ३२८ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला तितक्या किलोबिटवर चालतो. बाकीच्या कोडेकमध्ये एएसी साधारण २५६ च्या आसपास. साधा ॲपटीएक्स ३५२. एलडीएसी ३३०, ६६० किंवा ९९०. आयफोन ब्लूटूथवर फक्त एसबीसी आणि एएसी बोलतो, त्यामुळे आयफोनवाल्याने एलडीएसीचा स्टिरिओ घेऊन उपयोग नाही. अँड्रॉइडमध्ये ८.० पासून एलडीएसी आहे, पण स्टिरिओलाही ते यायला हवं. नाहीतर दोघं त्यांना दोघांनाही येणाऱ्या खालच्या कोडेकवर, दुसरं काहीच जुळलं नाही तर एसबीसीवर, येऊन भेटतात. अँड्रॉइडवर एएसीचा एन्कोडर (दाबणारा भाग) फोनगणिक कमी-जास्त असतो, म्हणून एएसी म्हणजे एसबीसीहून चांगलंच, असं धरून चालू नका. दोन्ही लावून ऐका.

झांजाच का खरखरतात, याचं कारण इथेच आहे. एसबीसी आवाजाचे जास्तीत जास्त आठ पट्टे करतो आणि हातातले बिट त्या पट्ट्यांत वाटतो. पखवाजाचा धुम किंवा बुवांचा आवाज थोड्या पट्ट्यांत बसतो, तिथे बिट पुरतात. झांज आणि टाळ मात्र वरच्या सगळ्या पट्ट्यांत एकाच वेळी भरून वाजतात. बिट अपुरे पडले की झांजेची लांबत जाणारी झंकार तुटक, वाळू चाळल्यासारखी ऐकू येते. त्यात मूळ फाइल मंडपात मोबाइलवर रेकॉर्ड केलेली, मग फॉरवर्ड होत होत दोनदा-तीनदा दाबली गेलेली असेल, तर ब्लूटूथ त्याच जखमेवर आणखी एकदा दाबतो. फाइल आधीच एएसी किंवा एमपी३ असली म्हणजे ती जशीच्या तशी हवेतून जाते असं नाही. फोन ती उलगडतो, नोटिफिकेशनचे आवाज मिसळतो आणि पुन्हा दाबून पाठवतो.

सध्या कुठला कोडेक चालू आहे ते अँड्रॉइडवर बघता येतं. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन उघडतात. गाडीला ब्लूटूथ जोडलेला असताना तिथे ब्लूटूथ ऑडिओ कोडेक हा पर्याय बघा. एलडीएसी दिसत असेल तर ९९० चा हट्ट धरू नका, चालत्या गाडीत आवाज तुटतो. ६६० पुरेसं आहे. फोनचा व्हॉल्यूम ब्लूटूथवर पूर्ण ठेवा आणि आवाज स्टिरिओवरून कमी-जास्त करा. फोनमधला इक्वलायझर, डॉल्बी, 'व्हर्च्युअल सराउंड' सगळं बंद करा. एकदा फोनमध्ये आणि एकदा स्टिरिओत, असे दोनदा बेस वाढवले की आवाज फाटलाच म्हणून समजा.

दुकानात 'ब्लूटूथ ५ आहे, आवाज भारी' असं सांगतात, त्यावर पैसे देऊ नका. गाडीतलं संगीत अजूनही जुन्या क्लासिक ब्लूटूथवरूनच जातं, ५.० मधल्या वेगाच्या आणि पल्ल्याच्या सुधारणा लो-एनर्जी भागासाठी आहेत. आवाज ठरवतो कोडेक.

ब्लूटूथचा आवाज मधेच एकदम टेलिफोनसारखा, एकाच बाजूचा आणि पोकळ झाला, तर तो दर्जाचा प्रश्न नसतो. एखाद्या ॲपने माइक मागितला, की जोडणी संगीताच्या वाटेवरून कॉलच्या वाटेवर जाते. व्हॉइस असिस्टंट आणि कॉल रेकॉर्डर यांची माइकची परवानगी तपासा. आणि आवाज तुकड्या-तुकड्यांनी येत असेल तर फोन आधी मागच्या खिशातून काढून डॅशवर ठेवा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्या लहरी अंगात शोषल्या जातात, आणि डॅशकॅमचा वायफाय किंवा मागच्या सीटवरचा हॉटस्पॉटही बऱ्याचदा तिथेच बोलत असतो.

वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि वायरलेस कारप्ले (आयफोनची तशीच सोय) यांना ब्लूटूथच्या रांगेत बसवू नका. तिथे ब्लूटूथ ओळख पटवण्यापुरता, आणि अँड्रॉइड ऑटोत कॉलसाठी, लागतो. गाणी आणि नकाशा वायफायवरून, बहुधा ५ गिगाहर्ट्झवरून जातात. ही वाट ब्लूटूथपेक्षा खूपच रुंद, त्यामुळे झांजा मोकळ्या वाजतात. किंमत दुसरीकडे मोजावी लागते: फोन तापतो, बॅटरी झपाट्याने उतरते. मे महिन्याच्या उन्हात काचेला चिकटवलेला फोन असाच तापून चार्जिंग थांबवतो. एसीच्या जाळीसमोरचा होल्डर यावर सगळ्यात साधा इलाज.

आता ऑक्स. कोकणात सगळ्यात जास्त रडगाणी याचीच, आणि त्यातली बहुतेक दुरुस्त होण्यासारखी असतात.

आधी आवाजाची जात ओळखा. इंजिन बंद, किल्ली ॲक्सेसरीवर, ऑक्स लावलेला, गाणं थांबवलेलं. शांत असेल तर इंजिन चालू करा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हळूहळू २००० आरपीएमपर्यंत न्या. कुंईं आरपीएमबरोबर चढली तर ती अल्टरनेटरची. चार्जरची पिन फोनमधून काढा. कुंईं तिथल्या तिथे गेली तर हा ग्राउंड लूप आहे. आरपीएमशी संबंध नसलेली बारीक शिट्टी असेल आणि चार्जर काढल्यावर जात असेल, तर चार्जरच हलका आहे, तो बदला. चार्जर नसतानाही कुंईं राहिली, तर स्टिरिओचं अर्थिंग बघायला लागेल.

ग्राउंड लूप असा होतो: फोनचं ग्राउंड एकीकडे चार्जरमधून लायटरच्या सॉकेटला जातं, दुसरीकडे ऑक्सच्या वायरीच्या आवरणातून स्टिरिओला. या दोन ठिकाणच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा जरी फरक असला तरी करंट ऑक्सच्या आवरणातून वाहतो आणि तेच आवरण सिग्नलची परतीची वाट असल्यामुळे तो करंट थेट गाण्यात मिसळतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फोन पॉवर बँकवर चार्ज करणं. पॉवर बँक गाडीच्या विजेला जोडलेली नसली की लूपच उरत नाही. दुसरा उपाय ग्राउंड लूप आयसोलेटर. ही छोटी डबी ऑक्सच्या वायरीत मधे बसते आणि आतल्या दोन ट्रान्सफॉर्मरमुळे दोन बाजूंची अर्थ तुटते. पण स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मर लहान असतो आणि अगदी खालचा बेस खातो. म्हणून आयसोलेटर शेवटी लावा, आधी अर्थिंग सुधारा.

अर्थिंग तपासायला मल्टिमीटर पुरतो. डीसी व्होल्टच्या सगळ्यात लहान रेंजवर एक टोक स्टिरिओच्या धातूच्या पेटीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन, दिवे, पंखा चालू, गाणं नेहमीच्या आवाजात. ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ०.१ च्या वर गेला तर अर्थ खराब. इथल्या खाऱ्या हवेत बॉडीच्या बोल्टखाली गंज धरायला फार काळ लागत नाही, आणि मालवण, गुहागर, दापोलीच्या किनारपट्टीवर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास आधी होतो. काळी वायर खराब झाली की स्टिरिओ अँटेनाच्या किंवा ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या आरसीए (सिग्नलच्या) वायरीच्या आवरणातून परतीची वाट शोधतो. मग एफएमवरही कुंईं येते आणि माणूस अँटेना बदलत बसतो.

दुरुस्ती अशी. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. स्टिरिओची काळी वायर कंपनीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) पिळून टेप मारलेली असेल तर ती तिथून सोडवा. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, शक्य तितकी आखूड, डॅशबोर्डमागच्या लोखंडी आडव्या पट्टीवर किंवा बॉडीच्या चांगल्या बोल्टवर न्या. टोकाला रिंगचा लग दाबून बसवा. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून लखलखीत धातू दिसू द्या, लग आणि धातूच्या मधे काहीही नको, वर दातेरी वॉशर, मग घट्ट आवळा. आवळून झाल्यावरच वरून पेट्रोलियम जेलीचा थर किंवा गंजरोधक रंग. हा क्रम उलटा करू नका. जेली आधी लावली की धातूला धातू नीट भिडत नाही, आणि नंतर काहीच लावलं नाही तर पहिल्या पावसातच बोल्टखाली गंज चालू.

ऑक्सचा जॅक खरखरत असेल, वायर हलवली की एक बाजू जात असेल, तर तेही बहुतेक वेळा खारं वारं आणि जांभ्याची लाल धूळ यांचंच काम. किल्ली बंद करून इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा पिनेवर मारा, पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, पाच मिनिटं वाळू द्या. नट सोडवायला वापरतात तो तेलकट स्प्रे इथे नको; तो जो थर मागे ठेवतो त्यावर आणखी धूळ बसते. पिनेवरच्या काळ्या रेषाही मोजा. तीन रेषांची, म्हणजे चार भागांची पिन हेडसेटची असते. काही स्टिरिओंच्या 'एव्ही-इन' जॅकमध्ये चौथा भाग व्हिडिओसाठी असतो आणि भागांचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे आवाज एकाच बाजूने किंवा गुणगुणत येतो. साध्या ऑक्सला दोन रेषांचीच वायर घ्या.

ऑक्सवर फोनचा व्हॉल्यूम पूर्णाच्या एक-दोन पायऱ्या खाली ठेवा. फोन अर्ध्यावर आणि स्टिरिओ भरपूर, असं केलं तर सिग्नल लहान आणि सूं मोठी होते. बऱ्याच स्टिरिओत सोर्सप्रमाणे लेव्हल जुळवायची सोय सेटिंगमध्ये असते. ऑक्सची लेव्हल यूएसबीइतकी करून ठेवा.

ज्या फोनना हेडफोनचं भोकच नाही, त्यांना टाइप-सी ते ३.५ चं जोडणं लागतं, आणि त्यातही दोन जाती आहेत. एकात छोटा डॅक, म्हणजे आकड्यांचा अॅनालॉग आवाज करणारी चिप असते, दुसऱ्यात नुसत्या तारा. दुसरं बहुतेक नव्या फोनवर चालतच नाही. डॅकवालं घ्या. ज्या गाडीत ऑक्सही नाही तिथे लोक लायटरमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर घेतात. एफएमचा आवाज १५ किलोहर्ट्झवर संपतो. शिवाय रत्नागिरीत मोकळी सापडलेली फ्रिक्वेन्सी पुढच्या गावात मोकळी नसते. तो पैसा जुन्या स्टिरिओऐवजी यूएसबीवाला साधा स्टिरिओ घेण्यात घाला.

यूएसबी केबलवरचं अँड्रॉइड ऑटो बहुतेक युनिटमध्ये ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट आवाज देतं, आणि ऐकण्याच्या दृष्टीने इथे काही गमावलं जात नाही. अडचण असते ती केबलची. गतिरोधकावर किंवा महामार्गाच्या डायव्हर्शनच्या खड्ड्यात गाडी आपटली की जोडणी तुटते, स्क्रीन काळा होतो. मीटरभर लांबीची, डेटा जाणारी, पिन घट्ट बसणारी केबल घ्या. चार्जिंगपुरत्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, तिच्यावर अँड्रॉइड ऑटो उघडणारच नाही. फोनच्या टाइप-सी भोकात खिशातलं लिंट आणि धूळ दाबून बसते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. बऱ्याच 'केबल खराब' तक्रारी इथेच संपतात.

पेनड्राइव्ह हा कोकणातल्या प्रवासासाठी अजूनही सगळ्यात भरवशाचा सोर्स आहे, आणि त्याला जुनाट समजण्याचं कारण नाही. ३२ जीबीचा, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला घ्या. त्याहून मोठे एक्सएफएटीमध्ये येतात आणि बरेच स्टिरिओ ते वाचत नाहीत. ३२० केबीपीएसचा एमपी३ मिनिटाला २.४ एमबी घेतो, म्हणजे ३२ जीबीत सुमारे २२० तास. स्टिरिओ फ्लॅक (काहीही न गमावता दाबलेली फाइल) वाचत असेल तर फ्लॅक टाका, तरी ऐंशी-नव्वद तास सहज मावतात. काही स्टिरिओ गाणी नावाप्रमाणे न लावता कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतात, म्हणून फोल्डर एकेक करून, क्रमाने कॉपी करा.

फाइलचा मुद्दा मात्र वायर-वायरलेसच्या वादापेक्षा मोठा आहे. १२८ ची फाइल ३२० मध्ये बदलली म्हणून गेलेलं परत येत नाही, फक्त जागा जास्त लागते. स्पेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकून फाइल उघडा. चित्र साधारण १६ किलोहर्ट्झवर सपाट कापलेलं दिसलं तर ती कधीतरी १२८ च्या घरातली होती. ऑनलाइन ऐकताना ॲपचा दर्जा 'ऑटोमॅटिक'वर असेल तर कशेडी, कुंभार्ली, आंबा किंवा फोंडा घाटात नेटवर्क पातळ झालं की ॲप गुपचूप दर्जा उतरवतं, आणि बोल ब्लूटूथला लागतो. स्ट्रीमिंगचा आणि डाउनलोडचा दर्जा बहुतेक ॲपमध्ये वेगवेगळा ठरवायचा असतो. दोन्ही वरचे ठेवा आणि निघण्याआधी घरच्या वायफायवर गाणी उतरवून घ्या. गणपतीत चाकरमान्यांच्या गर्दीने महामार्ग भरला की नेटवर्कवर विसंबणं आणखी चुकीचं.

आवाज झांजांत नाही, एकूणच पांचट आणि बेस नसल्यासारखा असेल, तर सोर्सला सोडा आणि दारांकडे बघा. स्पीकर बसवताना एका दाराच्या तारा उलट लागल्या की दोन दारांचा बेस एकमेकांना खातो. बॅलन्स पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे नेल्यावर बेस वाढला, तर हेच झालं आहे. खात्रीसाठी स्पीकरच्या तारा स्टिरिओकडून सोडवून त्यांना क्षणभर १.५ व्होल्टचा सेल लावा. धन टोक धनाला असेल तर कोन बाहेर येतो. दुसरं, दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दाराच्या आत जातं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं, पडदा ते आतल्या बाजूला येऊ देत नाही. स्पीकर बसवताना तो फाडला आणि तसाच ठेवला तर आपल्याकडच्या पावसात पाणी स्पीकरवर आणि पायाखालच्या मॅटमध्ये येतं. डॅम्पिंग शीट (दाराची थरथर थांबवणारा थर) लावतानाही खालची भोकं मोकळी राहतील एवढं बघा, आणि जूनच्या आधी ती बारीक तारेने साफ करा. स्टिरिओवर लिहिलेले ५० वॉट गुणिले ४ हे क्षणिक आकडे असतात. सतत मिळणारी ताकद चॅनलमागे साधारण १५ ते २२ वॉटच. म्हणून दाराच्या स्पीकरला ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा बेस अडवणारा फिल्टर) लावा, बेसची घुंडी शून्याजवळ ठेवा. आवाज मोठाही होतो आणि स्वच्छही.

तुलना करायची तर नीट करा. एकच फाइल, गाडी उभी, इंजिन आणि एसी बंद, काचा वर. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने तिन्ही सोर्सची पातळी एका डेसिबलच्या आत जुळवा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. कोणीतरी सोर्स बदलावा, ऐकणाऱ्याने डोळे मिटून सांगावं. मग तीच चाचणी रस्त्यावर ८० च्या वेगात करा. टायर आणि वाऱ्याच्या आवाजात चांगल्या फाइलचं एसबीसी आणि यूएसबी यांतला फरक बहुतेकांना सांगता येत नाही. कुंईं, तुटणारा आवाज आणि उलटे लागलेले स्पीकर मात्र त्या आवाजातही लपत नाहीत, म्हणून खर्च आणि मेहनत आधी तिथे.

पुढे कधी स्टिरिओ बदलायचा झालाच, तर फ्लॅक वाचतो का, कुठले ब्लूटूथ कोडेक येतात, सोर्सप्रमाणे लेव्हल आणि हाय-पास फिल्टर आहे का, आणि ॲम्प्लिफायर लावायचा विचार असेल तर प्री-आउट (ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारी भोकं) २ व्होल्टचे की ४ चे, एवढं विचारा. आपला पेनड्राइव्ह घेऊन जा आणि झांजांची तीच फाइल आधी यूएसबीवर, मग ब्लूटूथवर वाजवून बघा. आणि बसवणाऱ्याने डॅश बंद करण्याआधी अर्थ वायर कुठे कसली ते दाखवायला सांगा. इंजिन चालू, चार्जर आणि ऑक्स एकदम लावलेले, गाणं थांबवलेलं, अशा स्थितीत कुंईं येत नाही याची खात्री झाल्यावरच पॅनेलचे स्क्रू लावू द्या.